अक्कांचा चौथा लाडू

शिक्षिकेच्या उत्तरात चूक आहे, असे मी वर्गातल्या सगळ्या पालकांना लेखी कळवले, तेव्हा आमच्या ट्रेमध्ये एक लाडू जास्त होता.

आमची रेवा बारावीत आहे. सोमवारच्या चाचणीत ती घसरली, तर रविवारचे बॅडमिंटन बंद आणि कोरमंगलाचा क्लास सुरू, असा तिच्या आईचा, म्हणजे मेधाचा निर्णय होता. रेवा दोन दिवस नीट जेवली नव्हती. आमच्या व्हाइटफील्डहून वाहतूक कोंडीतून कोरमंगला गाठेपर्यंत माणूस तसाही शिकून शहाणा होतो, म्हणून मी म्हणालो, क्लास कशाला, मी शिकवतो. (मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. इतरांच्या चुका काढण्यात दिवस जातो. स्वतःच्या काढायला वेळ मिळत नाही.)

शिक्षिकेने उत्तरासह दिलेले सरावाचे गणित असे: चौरसाच्या तीन कोपऱ्यांवर सारखे धन विद्युतभार, चौथा कोपरा रिकामा, मधोमध आणखी एक धन भार. मधल्यावर एकूण बल किती आणि कोणत्या दिशेने? सारखे भार एकमेकांना ढकलतात, एवढे मला आठवत होते. मी चौकोनी ट्रे घेतला, तीन कोपऱ्यांत पुण्याहून आलेले बेसनाचे लाडू ठेवले आणि मध्ये एक शेंगदाणा.

"या शेंगदाण्याला तिघे ढकलतायत," मी रेवाला म्हणालो. "तो कुठे जाईल?"

"तुझ्या तोंडात," मेधा स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी प्रत्येक बलाचे आडवे-उभे घटक पाडले. दोन पाने भरली, तरी उत्तर शिक्षिकेच्या उत्तराशी जुळेना. रेवा कंटाळून आत गेली, मी चहा करायला उठलो. तेवढ्यात शेजारच्या कानडी शांताक्का डबा परत द्यायला आल्या आणि सोफ्यावर बसल्या.

परत येऊन मी ट्रेकडे पाहिले आणि गणित नव्याने मांडले. समोरासमोरचे लाडू एकमेकांचा जोर खोडून काढत होते. उत्तर शून्य! इतके स्वच्छ उत्तर चुकीचे असूच शकत नव्हते. (मूळ मजकूर पुन्हा पाहावा, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी ट्रे पाहिला.) लगेच पालकांच्या ग्रुपवर लिहिले: 'शुद्धिपत्र. बाईंनी दिलेले उत्तर चुकीचे असून ते शून्य असे वाचावे.' दोघांनी आभार मानले. एकाने अजून न झालेल्या चाचणीच्या फेरपरीक्षेची मागणी केली. एकाने माझे शिक्षण विचारले.

रेवा बाहेर आली आणि ट्रेपाशी थबकली. "बाबा, चार लाडू कसे?"

"मी ठेवला की," अक्का शांतपणे म्हणाल्या. "ताटात तीन लाडू कोण वाढतं रे? बरं दिसत नाही. आता स्वल्प चहा दे."

मी संदेश पुसायला फोन उचलला. तोवर ग्रुपवरच असलेल्या शिक्षिकेने तो वाचला होता.

रेवा मात्र ट्रेवरून नजर हटवेना. "थांब. चार असले की शून्य. म्हणजे अक्कांचा एक लाडू बाकी तिघांना पुरतो. तो काढला, की तिघांचा मिळून जोर त्या एकाएवढाच, फक्त उलटा. शेंगदाणा रिकाम्या कोपऱ्याकडे जाणार. संपलं!"

पडताळून पाहिले. हेच शिक्षिकेचे उत्तर होते, आणि माझी दोन पाने एका ओळीत आटपली होती.

सोमवारच्या चाचणीत नेमका सुसम पंचकोन आला: चार कोपऱ्यांवर आणि मधोमध भार, पाचवा कोपरा रिकामा. वर्गाने पाने भरली. रेवाने रिकाम्या कोपऱ्यात मनातल्या मनात अक्कांचा लाडू ठेवला, सगळे शून्य केले, लाडू काढून घेतला आणि उत्तर लिहिले. पूर्ण गुण. शिक्षिकेने तिची पद्धत फळ्यावर मांडली. बॅडमिंटन वाचले. लाडवांचा उरलेला डबा वाजतगाजत अक्कांकडे गेला. त्यांनी आधी लाडू मोजले, मग म्हणाल्या, "सरी, बरोबर आहेत."

त्या रात्री मी ग्रुपवर नवे शुद्धिपत्र दिले: 'शून्य हा शब्द उत्तराला नव्हे, उत्तर कळवणाऱ्या पालकाला लागू आहे, असे वाचावे.'

त्याबद्दल मात्र सगळ्यांनी आभार मानले.