मारामुरेशमधलं बंद शटरांचं गाव

आयर्लंडमध्ये, स्लायगोच्या हॉस्पिटलात माझ्या वॉर्डवर मिरेला नावाची नर्स आहे. तिची आई २०२०च्या शेवटी, कोविडच्या दिवसांत, रोमानियात वारली आणि हिला जाता आलं नाही. पुढच्या सप्टेंबरात लसीची सर्टिफिकेटं हातात होती, तेव्हा ती म्हणाली, "घर बघून यायचंय. एकटीला जमणार नाही." मुलीला नवऱ्याकडे सोपवून मी निघाले.

डब्लिनहून विमानाने क्लुज, पुढे भाड्याची गाडी. उत्तरेला तिच्या मारामुरेश जिल्ह्यापर्यंत तीन-चार तास लागतात. शेवटचा घाट वळणावळणाचा, मध्येच घोडागाड्या. त्यामुळे उजेडात पोचा. वाटेत चोर्बा नावाचं आंबट सूप जरूर प्या, आयर्लंडच्या मानाने फारच स्वस्त.

तिचं कम्यून म्हणजे आपल्याकडच्या गटग्रामपंचायतीसारखी काही गावं मिळून एक. मला जुनी लाकडी घरं बघायची होती. दिसले ते तीनमजली नवेकोरे बंगले, ओळीने, सगळ्यांच्या खिडक्यांची शटरं खाली. गवत नीट कापलेलं, पण कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मालक इटलीत, स्पेनमध्ये, डब्लिनला. फक्त ऑगस्टात येतात, असं मिरेला म्हणाली.

तिच्या आईच्या जुन्या घराच्या धुराड्यातून मात्र धूर निघत होता.

आत चूल पेटलेली, टेबल मांडलेलं. शेजारच्या फ्लोरिकामावशी एप्रनला हात पुसत पुढे आल्या. त्या बोलायच्या, मिरेला मला इंग्रजीत सांगायची. घर गार पडू नये म्हणून मावशी रोज चूल पेटवत होत्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "काल तुझी आई फाटकाशी दिसली. तू पाठवलेलं निळं जॅकेट घातलं होतं."

मिरेलाने माझा हात धरला. ते पार्सल आई गेल्यानंतर पोचलं होतं. तिने कपाट उघडलं. खोकं होतं, पण रिकामं. मावशींचं वय झालंय, असं माझ्यातली डॉक्टर म्हणत होती. तरी अंगावर काटा आला तो आलाच.

सकाळी दरीतलं धुकं अंगणापर्यंत चढलं होतं. त्या बंद बंगल्यांमधून निळ्या जॅकेटातली एक म्हातारी लंगडत वर येत होती.

"आई अशीच चालायची," म्हणत मिरेला अनवाणीच धावली. मी तिच्यामागे.

ती वरच्या वस्तीवरची बाई निघाली. गेलेल्या माणसाच्या नावाने कपडे दान करायची तिथे रीत आहे. मावशींनीच तिला जॅकेट दिलं होतं, आणि देऊन विसरल्या होत्या.

 मिरेलाने त्या बाईच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावली आणि ऊब येते का विचारलं.

"येते," बाई म्हणाली. "देव तिला क्षमा करो." गेलेल्या माणसासाठी तिथे असंच म्हणतात.

तेव्हा कुठे मिरेला रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

निघताना तिने मावशींना सांगितलं, आता चूल पेटवू नका. त्या हो म्हणाल्या. गाडी वळली तेव्हाही धूर निघतच होता.

स्लायगोत सगळ्यांनी विचारलं, ट्रिप कशी झाली? ग्रँड, म्हटलं; इकडे ठीकठाकलाही हेच म्हणतात. घरी मुलीला फोटो दाखवत होते. बंगले, बंगले आणि बंगले. तिने तिच्या आयरिश इंग्रजीत विचारलं, "तिथे कुणीच राहत नाही का?"

"राहतात," मी म्हटलं, आणि दाखवायला मावशींचा एकही फोटो नव्हता.