चौथ्या बाजूची राखण

गिऱ्हाइकासमोर कापड मोजता मोजता शेटजींचा हात मध्येच थांबायचा. एका हातात लोखंडी मीटर, दुसऱ्या हातात कापडाचं टोक आणि नजर समोरच्या पत्र्यावरून उडत गेलेल्या एखाद्या पाखरामागे. गिऱ्हाईक भावात घासाघीस करायला लागलं, की ते तसेच वर बघत म्हणायचे, "पयले पाहा, मंग बोला." हे कापडाबद्दल आहे की पाखराबद्दल, ते नव्या माणसाला कळायचं नाही. तुम्ही त्या वेळी दुकानात असता, तर तुम्हालाही वाटलं असतं, की हा माणूस धंद्यात फार दिवस टिकायचा नाही.

सिंदी रेल्वे या आमच्या गावच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या ओट्यावर माझं शिलाई मशीन. नव्वदीची सुरुवातीची वर्षं असतील. दुकानातून कापड घेऊन बाया बाहेर आल्या, की ब्लाउजचं माप द्यायला माझ्यासमोर उभ्या राहायच्या. असा आमचा शेजार.

शेटजींना पाखरांची नावं येत नसत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. त्यांनी आपली नावं ठेवली होती. बगळा म्हणजे मलमल. खंड्या म्हणजे साटीन. धरणावरचं ते राखाडी अंगाचं, काळ्या टोपीचं, पिवळ्या चोचीचं पाखरू म्हणजे पॉपलीन. त्याला सुरय म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं, पण माझ्या तोंडात अजून पॉपलीनच बसलं आहे.

हे धरण सेलू गावाच्या बाजूला. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की मधोमध खडीवाळूचं एक टेकाड वर यायचं, आणि या पॉपलीनी तिथे उघड्यावरच अंडी घालायच्या. सुट्टीच्या दिवशी शेटजी दुर्बीण गळ्यात अडकवून निघायचे. सोबत भाभीजी, म्हणजे त्यांची बायको, आणि कधीकधी मी. भाभीजी काठावरच्या झाडाखाली पाण्याकडे पाठ करून बसायच्या आणि डबा उघडायच्या. घरी दिवसभर पाखरांचंच ऐकायचं, आता वर पाहायचंही का, असं त्यांचं म्हणणं.

शेटजी त्या टेकाडाला बेट म्हणायचे. एकदा मुंबईहून त्यांचा पुतण्या आला होता. बेटं समुद्रात असतात, याला काय बेट म्हणायचं, असं तो हसून म्हणाला. शेटजी शांतपणे म्हणाले, "ज्याच्या चारी बाजूले पाणी, ते बेट. तिकडं खारं, इकडं गोडं. इतकाच फरक."

पण एका वर्षी पाऊस फारच कमी झाला आणि चैत्रातच चौथ्या बाजूचं पाणी आटलं. काठापासून टेकाडापर्यंत सुक्या गाळाची वाट तयार झाली. आम्ही पोचलो तेव्हा दोन कुत्री जिभल्या चाटत त्या वाटेनं परत येत होती. शेटजींनी दुर्बीण लावली; बरीच अंडी गेली होती, थोडी उरली होती. नफातोटा हसत झेलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी भर लगीनसराईत दुकान बंद ठेवून त्यांनी लाल कापडाचा अख्खा तागा आणि बांबू स्कूटरवर लादले. भाभीजींना सोबत घेतलं, मलाही मशीनवरून उठवलं. ती वाट संपून टेकाड सुरू होतं, तिथे आम्ही तिघांनी मिळून कापडाची आडवी भिंत उभी केली. कापडवाल्याला दुसरं काय सुचणार? कुत्री आता फिरकायची नाहीत, म्हणून मीही खूश झाले.

वारा सुटला. कापड फडफडायला लागलं आणि टेकाडावरची सगळी पाखरं ओरडत वर उठली. ती खाली येईनात. डोक्यावर वैशाखाआधीच वैशाखासारखं ऊन आणि खाली अंडी उघडी. तुम्हाला आमच्याकडचं ऊन ठाऊक असेल, तर जास्त सांगायला नको. पाखरांना भीती कशाची वाटते आहे, हे आमच्या ध्यानात यायलाच वेळ लागला.

"ताई, सोडा, सोडा ते," शेटजींचा आवाज फाटला. "त्याइले अंडी झाकाची आहेत, अन् मी इथं मंडप घालून राह्यलो."

गाठी सुटेनात, तेव्हा त्यांनी आपल्या हातांनी ते कोरं कापड टराटरा फाडलं. आम्ही लांब सरकलो, तशी पाखरं एकेक करून उतरली. एक पॉपलीन पाण्यावर पोट भिजवून आली आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. पण वाटेजवळच्या काही अंड्यांवर कोणी बसलंच नाही.

शेटजींनी तिथेच ठरवलं. कुत्र्यांसाठी माणूसच बसवायचा, तोही लांब आणि न हलता. भाभीजी म्हणाल्या, "तुमी बसा इथं. दुकान मी पाहीन."

दुकानाच्या गादीवर तोवर घरची बाई कधी बसली नव्हती. भाभीजी बसल्या, आणि काय बसल्या! पहिल्याच दिवशी एका वरबापाला त्यांनी असं गप्प केलं, की तो मुकाट्यानं तागा उचलून गेला. तिकडे शेटजी छत्रीखाली, डोक्यावर ओला पंचा घेऊन सकाळपासून सांजेपर्यंत वाटेच्या तोंडाशी बसून. बाजारानं त्यांना वेड्यात काढलं. पिल्लं उडाली तेव्हा ते काळेठिक्कर होऊन दुकानात परतले, तर गादी भाभीजींची झाली होती. शेटजी मुकाट्यानं मीटर घेऊन उभे राहिले आणि पुढची सगळी वर्षं उभेच राहिले.

उडालेल्या पिल्लांचं कौतुक आम्ही करायचो. शेटजी मात्र ज्यांवर कोणी बसलं नाही, त्या अंड्यांच्याच गोष्टीवर यायचे. "आपल्याच मायेनं गेले ते," असं म्हणून मीटर उचलायचे. मला त्यांची फार माया यायची तेव्हा.

पुढे दोन हजारच्या नंतर कधीतरी, एका हिवाळ्यात शेटजी झोपेतच गेले. तेराव्यानंतर भाभीजी गादीवर येऊन बसल्या. डोळ्यांत पाणी नाही. बाजारातल्या बाया त्यावरही बोलल्या.

उन्हाळ्यात त्या मला एकदम म्हणाल्या, की धरणावर जाऊ. पाणी पुन्हा खाली गेलं होतं आणि वाट उघडी पडली होती. भाभीजी झाडाखाली थांबल्याच नाहीत. सरळ वाटेनं चालत गेल्या. एक पाखरू चोच उघडी टाकून अंड्यांवर बसलं होतं. त्या आणखी पुढे झाल्या तशी ते उडालं. भाभीजी जागच्या जागी थबकल्या, मग उलट्या पावली मागे आल्या आणि तिथेच उन्हात, पदर डोक्यावर घेऊन खाली बसल्या. पाखरू दोन घिरट्या घालून खाली उतरलं.

"पाहा ताई, बसली," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. शेटजी गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होते. तेवढ्यात काठाकडून एक कुत्रं वाटेवर आलं. डोळे पुसायच्या आधी भाभीजींनी ढेकूळ उचललं.