सोबत नेलेलं दार

गाव सोडताना माझ्या बानं घराचं दार काढून सोबत घेतलं. लोक भांडीकुंडी नेतात, शेळी नेतात, आम्ही दार नेलं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, हे मला इतक्यांदा सांगितलंय की ते दार बाच्या पाठीवर चाललेलं मला आजही दिसतं, आणि दिसलं की रागच येतो.

त्यात वेडेपणा काही नव्हता, हेही सांगायला पाहिजे. आमच्याकडं दुष्काळात गाव सोडणारा माणूस दार काढूनच जायचा. मागं राहिलेलं दार कुणाच्या तरी चुलीत जातं, हे सगळ्यांना ठाऊक. ज्याचे भाऊबंद गावात असत तो त्यांच्याकडं ठेवून जाई. आमच्या भाऊबंदांनी धम्म घेतल्यावर गावकीची कामं सोडली आणि ते पोटामागं आधीच पांगले, कुणी नांदेडला, कुणी पार हैदराबादला. जळकोटजवळच्या त्या गावात आमच्या वस्तीत राहता राहिला बा. मग दार ठेवायचं कुणाच्या भरवशावर?

शिवाय त्या दारावर पंचायतीनं ठोकलेला पत्र्याचा नंबर होता. बाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नंबर तोंडपाठ. त्याचं म्हणणं असं, की सरकारनं नंबर दाराला दिलाय, भिंतीला न्हाई. भिंत पडंल, पुन्हा उभी राहील. नंबर आपल्याजवळ हाय तवर आपण गावचे. काय बोलावं? भोळा माणूस आपल्या भोळेपणाचाही हिशोब मांडतो आणि तो त्याला पटतोही.

दुष्काळी कामावर आधी तलाव, मग रस्ता. पुढं पाऊस पडला, लोक आपापल्या गावाला परतले. बा परतला नाही. परतून करायचं काय? जमीन नव्हती, आणि मेलेली ढोरं ओढायला त्याला पुन्हा जायचं नव्हतं. ठेकेदाराच्या मागं खडी फोडत आम्ही फिरत राहिलो. मुखेड, देगलूर, बिलोली, जिकडं रस्ता तिकडं आमचं पाल. पालाच्या तोंडाला ते दार टेकवून ठेवलेलं असायचं. बाकीची माणसं चेष्टेनं बाला 'दारवाले पाटील' म्हणायची आणि येताजाता मुद्दाम दारावर टकटक करायची. दोन्ही बाजूंनी सगळं उघडं, आत बसलेला माणूस बाहेरून दिसतोय, तरी बा विचारायचा, कोण हाय? आणि हसायचा.

माझा जन्म त्या दारावर झाला. जमीन ओली होती म्हणून मायला त्यावर निजवलं होतं. माझ्या पाठीवर भाऊ होणार होता, तेव्हा मात्र मायला सकाळपासून कळा लागल्या आणि सुटका होईना. बा धावत जवळच्या गावच्या नर्सबाईकडं गेला. तिनं पहिलं विचारलं, गाव कुठलं? बानं आमच्या गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ते माझ्या हद्दीत नाही, तुमचा कॅम्पही माझ्या हद्दीत नाही, बिलोलीला न्या. बैलगाडी मिळेपर्यंत पोरगं पायाळू आलं आणि मेलेलंच आलं. अक्का मायचा हात धरून बसली होती. तिनं सगळं बघितलं. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच बसलं, की आपण नर्स व्हायचं, आणि अडलेल्या बाईला आधी गाव विचारायचं नाही.

हे बोलणं नुसतं बोलणं राहिलं नाही. बिलोलीला मुलींच्या वसतिगृहात राहून ती शिकली. सुटीला पालावर यायची, दिवसभर खडी फोडायची आणि जेवणाच्या सुटीत त्या दारावर पुस्तक ठेवून वाचत बसायची. दहावी पास झाली तेव्हा मुकादमानं सगळ्या कामाला गूळ वाटला. त्याच सुमारास लातूरचा नवा जिल्हा झाला होता आणि आमचं गाव त्यात गेलं होतं. वसतिगृहाच्या बाईंनी बातमी आणली, की नव्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सच्या शिक्षणाला मुली घेताहेत, पण त्याच जिल्ह्याच्या रहिवासी पाहिजेत. अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं. येताना रहिवासी दाखला आणायचा होता, बस्स. सगळी तयारी झाली आणि राहिलं काय, तर आम्ही राहतो कुठं हे सांगणारा एक कागद.

बिलोलीच्या कचेरीतला कारकून हसून म्हणाला, तुम्ही इथले कुठं? इथं काम करून राहिले, रहिवासी तिकडचे. तुमचं गाव लातूरला गेलं, तुमचं नशीब उघडलं, तिकडंच जा. बाला ते बोलणं इतकं आवडलं की परत येताना तो वाटभर तेच घोळवत होता. अक्का तर होतीच, मलाही त्यानं गाव दाखवायला म्हणून सोबत घेतलं.

आमचं घर मी पहिल्यांदा आणि शेवटचं तेव्हा बघितलं. मातीचा ढिगारा, त्यात उभी एक चौकट. चौकटीतून आत बघितलं तर पलीकडं आभाळ आणि एक शेळी. बानं चौकटीला हात लावला, बिजागरीची जागा चाचपली आणि म्हणाला, बसतंय की अजून.

ग्रामसेवक माणूस वाईट नव्हता. चहा पाजला, वही काढली आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. दुष्काळानंतर घरं मोजायला माणूस आला होता. ज्या घराला दार होतं, कुलूप होतं, तिथं त्यानं 'बाहेरगावी' लिहिलं. जिथं दार नव्हतं तिथं 'पडीक' लिहून नाव कमी केलं. आमचा नंबर पुढं दुसऱ्या कुणाच्या नव्या घराला दिला होता. ग्रामसेवक हळू आवाजात म्हणाला, दार राहिलं असतं तर तुम्ही राहिला असता.

बैल गेला अन् झोपा केला, असं म्हणतात; झोपा म्हणजे गोठ्याचं दार. इथं झोपाच उचलून नेला म्हणून बैल गेला. बा किती तरी वेळ ओट्यावर बसून होता. मी पाणी मागितलं ते त्याला ऐकू आलं नाही. अक्का मात्र उठली. जुनं दप्तर कुठं मिळंल, तिनं विचारलं. ते अजून उस्मानाबादेत, जुन्या जिल्ह्यात पडलंय, इकडं यायचंय. कधी येईल? ते कुणालाच माहीत नव्हतं. लातूरला मोठ्या कचेरीत जाऊन बघा, साहेबाच्या मनात आलं तर होईल, असं म्हणून त्यानं वही मिटली.

तर बानं काय करावं? पालावर येऊन दार उचललं. नंबर खरा हाय, दार खरं हाय, डोळ्यांनी बघितल्यावर कोण न्हाई म्हणंल, असं त्याचं म्हणणं. मायनं समजावलं, अक्कानं हात जोडले. ऐकेल तर तो बा कसला! कंडक्टरशी हुज्जत घालून त्यानं ते एसटीच्या टपावर चढवलं, उदगीरला उतरवून दुसऱ्या गाडीवर चढवलं, आणि आम्ही तिघं त्या दारासकट लातूरला पोचलो.

शहरात नव्या जिल्ह्याच्या कमानी अजून उभ्या होत्या, फुलं वाळलेली. त्या साली तिकडंही पाऊस रुसलेलाच होता, टँकरभोवती घागरींची रांग लागलेली. कचेरी कुणाच्या तरी भाड्याच्या घरात होती. कपाटं आली नव्हती, कागदांची गाठोडी जमिनीवर रचलेली, आणि दाखले देणारा कारकून खोक्यावर बसलेला. तोही नवाच होता, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला. बानं दार भिंतीला टेकवलं, उपरण्यानं नंबर पुसला आणि बाजूला उभा राहिला. कचेरीतली चार माणसं हसली. तो कारकून हसला नाही, हे मी आजही त्याच्या बाजूनं मोजते.

"हे सध्या कुठं लावलंय, मामा?" त्यानं विचारलं.

"लावलं न्हाई साहेब. संगट हाय."

"दाखला जागेचा मिळतो. माणूस कुठं राहतो त्याचा. तुम्ही राहता कुठं?"

बानं उपरण्यानं पुन्हा नंबर पुसला. तेव्हा अक्का पुढं झाली. तिनं साडीही वसतिगृहाच्या बाईंचीच नेसली होती, मुलाखतीसाठी मागून आणलेली.

"बिलोलीवाले म्हणतात तिकडची, तुम्ही म्हणता हिकडची न्हाई. मग म्या कुठलीच न्हाई, एवढं तरी लिहून द्या. तेच दाखवते."

असं लिहिता येत नाही, असं कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात तिरस्कार नव्हता, आणि म्हणूनच वाटतं, माणसानं शिवी द्यावी पण असं मऊ बोलू नये. शिवीवर भांडता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी ती मुलाखतीला गेली. दाखल्याशिवाय आत सोडलं नाही. दाखला नंतर आणून देते, म्हणून तिनं विनवलं, मार्कांचा कागद दाखवला. तिच्या मागच्या पोरीला आत घेतलं, मग तिच्याही मागचीला. आम्ही लिंबाच्या झाडाखाली बसून दवाखान्यातल्या पांढऱ्या साड्या बघत होतो. अक्का रडली नाही, मीच रडले, आणि तिनं मला पदरानं पुसलं. पदर दुसऱ्याचा होता म्हणून जपून पुसलं.

दार आम्ही परत आणलं नाही. बा कचेरीकडं वळला तेव्हा अक्का म्हणाली, असू द्या तिथंच. तिनं आयुष्यात बाला केलेला हा एकच हुकूम, आणि बानं तो मानला. मायनं आल्या आल्या विचारलं, दार कुठं? पुढं कधी तरी कळलं, की कचेरीचा शिपाई दुपारी त्यावर झोपतो.

त्यानंतर बानं फिरणं सोडलं. बिलोलीच्या कडेला झोपडी घातली आणि मरेपर्यंत तिथून हलला नाही. दुसऱ्या गावाला मयतीलाही जायचा नाही, न जाणो कुणी येऊन मोजून जाईल. त्या झोपडीच्या जोरावर मला पुढं सगळे दाखले मिळाले, मी मास्तरीण झाले, नांदेडला घर केलं. अक्काच्या वाट्याला ते उशिरा आलं, तिच्या कामी पडलं नाही. तोवर तिचं लग्न खडीच्याच कामावरच्या माणसाशी झालं होतं, आणि ती पुन्हा पालातून पालात गेली. मला जे मिळालं ते तिचं होतं, असं तिच्या शेजारी जेवायला बसले की वाटतं. तिला बोलून दाखवलं तर म्हणते, गप खा.

तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी तिच्यासोबत होते. काम तेव्हा मुरुडच्या बाजूला चाललं होतं, कळा थांबेनात म्हणून जीपनं लातूरला आणलं, त्याच दवाखान्यात. पांढऱ्या साडीतली नर्सबाई, अक्काच्याच वयाची, केसपेपर घेऊन आली. नाव विचारलं, वय विचारलं, मग विचारलं, गाव? राहणार कुठलं? अक्का कळ सोसत होती. मी घाईनं आमच्या गावाचं नाव सांगितलं.

"खोटं कशाला सांगतीस?" अक्का म्हणाली. "गाव न्हाई, बाई. फिरतो आम्ही."

नर्सबाईनं त्या जागी 'फिरस्ते' असं लिहिलं आणि कागद खाटेच्या कडेला अडकवला. अक्कानं मान वळवून ते वाचलं. वाचता येत होतं तिला, दहावी पास होती.