पत्ता तोच

माझा काका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, म्हणून सगळे त्याला भिंगकाका म्हणत. कष्टाळू, हट्टी आणि तोंडाने फटकळ. मी शाळेत गणित शिकवतो, तेव्हा चुका काढायची सवय मलाही आहे. पण काका या बाबतीत माझाही काका होता.

घरी इंटरनेट आलं तेव्हा कंपनीने सांगितलं, एका कनेक्शनवर सात ईमेल पत्ते मिळतील. एक मुख्य, सहा उप. काकाला हर्षवायूच झाला. फुकट मिळतंय तर सोडायचं कशाला? मुख्य अर्थात तो. मग काकू, त्यांची मुलगी म्हणजे ताई, दुकान, न विचारता मी, एक 'तक्रारी' नावाचा आणि एक 'पाहुणे'. पाहुण्यांना ईमेल कशाला, हे विचारायची सोय नव्हती. सगळ्यांचे पासवर्ड त्यानेच ठरवले, डोळे तपासायच्या तक्त्यातल्या अगदी खालच्या ओळींतून. ते कुणाच्याच लक्षात राहायचे नाहीत आणि तो त्यावर खूश असायचा.

'मुख्य' हा शब्द त्याच्या डोक्यात चढला होता. जेवताना कुणी उलट बोललं की म्हणायचा, "मी मुख्य आहे. एक बटण दाबलं की तुम्ही सगळे गायब!" आम्ही हसायचो.

ताईने नवरा सोडला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. नवरा हात उचलायचा. ती माहेरी आली, तर काकाने तिलाच चार शब्द सुनावले आणि परत जायला सांगितलं.

"नाही गेलीस तर या घरातून तुझं नाव काढून टाकीन."

"काढा," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली. नवरा शोधत होता, म्हणून कुठे राहते ते तिने कुणालाच सांगितलं नाही. मोबाईल घरोघरी यायच्या आधीची ही गोष्ट.

राहिला तो ईमेल. महिन्यातून एकदा कुठल्याशा कॅफेतून ती काकूला चार ओळी लिहायची. काकूला टाइप करता येत नसे. ती सांगायची, मी बोटं चालवायचो. खाल्लंस का, झोप लागते का, एवढंच असायचं. काकाला यातलं काही माहीत नाही, अशी आमची समजूत होती. एकदा त्याचं मन चाचपायला मी म्हटलं, ताईचा पत्ता काढून माझ्या बायकोला दिला तर? तेव्हा तो स्क्रीनकडेच बघत होता. मुख्य खात्यात सगळ्यांची यादी दिसते. कुणी शेवटचं कधी उघडलं, तेही दिसतं. ताईच्या नावापुढे त्याच आठवड्यातली तारीख होती.

"राहू दे," तो म्हणाला. "कुणाचं काय खातंय ते?"

पुढे माझ्या लक्षात आलं, दर रविवारी तो ती यादी उघडून बसायचा. पण स्वतः दोन शब्द लिहील तर शपथ. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

एका सकाळी दुकानात, यंत्रासमोरच तो कोसळला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. काकू म्हणाली, "असली बातमी मशीनवर नाही लिहायची. तिला नुसतं ये म्हण. मी तोंडाने सांगेन." मी लिहिलं, 'लगेच ये'. ती महिन्यातून एकदाच मेल उघडायची, म्हणून आम्ही वाट बघत बसलो.

आठवड्याभरात कंपनीचं पत्र आलं. वर्ष संपतंय, कनेक्शन चालू ठेवायला मुख्य खातेदाराची सही हवी. काकू हवालदिल झाली. कनेक्शन तुटलं तर पोरीचं उत्तर कसं येणार? मी तिला घेऊन ऑफिसात गेलो. खिडकीपलीकडची बाई मायाळू होती, तिथेच घात झाला.

"नाव बदलायला दोन महिने लागतात, आजी. त्यापेक्षा जुनं बंद करून तुमच्या नावाने नवीन घ्या. दोन दिवसांत होईल."

"पत्ता तोच राहील ना?" काकूने दोनदा विचारलं.

"हो हो, पत्ता तोच, वायरही तीच."

ती घराच्या पत्त्याबद्दल बोलत होती, काकू ईमेलच्या. फॉर्म मी भरला, सही काकूने केली. प्रश्न दोनदा वाचा म्हणून रोज पोरांवर ओरडणारा मी, पण फॉर्मचं मागचं पान उलटून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तर सातही पत्ते गेलेले. पुन्हा ऑफिस गाठलं. त्या बाईचा चेहरा पडला. "मुख्य बंद केलं की उप जातातच. परत आणता येत नाहीत." मी आरडाओरडा केला, अर्ज केले, साहेबाला भेटलो. काही उपयोग झाला नाही.

दोन महिन्यांनी माझ्या शाळेच्या पत्त्यावर टपालाने ताईचं पत्र आलं. वर तिचा पत्ता नव्हता, शिक्काही फिसकटलेला. काकूसमोर बसून मी ते मोठ्याने वाचलं.

'माझा पासवर्ड चालत नाही. दुसऱ्याच्या खात्यातून आईला पाठवलेलंही परत आलं, असा पत्ताच नाही म्हणे. म्हणजे बाबांनी शेवटी बटण दाबलं. चार वर्षं दाबलं नव्हतं, म्हणून मला उगीच वाटायला लागलं होतं की मनातून राग गेला असेल. पुढच्या महिन्यात त्यांना भेटायला यायचं ठरवलं होतं. आता येणार नाही. लिहिणारही नाही. आईला सांभाळ.'

काकूने पत्र माझ्या हातून घेतलं, मागूनपुढून पाहिलं आणि मला परत दिलं.

"लिही," ती म्हणाली. "त्यांनी नाही गं तुला काढलं. सही मी केली. लिही."

"काकू, पाठवणार कुठे?"

"तू आधी लिही तर."

मी कागद घेतला. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. चार पानं झाली.