पाच मीटरचा पतंग

चाकांच्या फळीवर उभं राहायचं आणि मोठ्या पतंगाने आपल्याला वाळूवरून ओढत न्यायचं, असा एक खेळ आहे. त्यासाठी पहिला पतंग घ्यायला मी चेन्नईजवळच्या कोवलमला गेलो, तो सगळ्यात मोठाच घ्यायचा हे ठरवून.

पतंग विकणाऱ्या त्या माणसाचा पाय एका जागी ठरत नव्हता. बोलता बोलता चिमूटभर वाळू सोडायचा, ती कुठे उडते ते बघायचा, पुन्हा चालू लागायचा. त्याच्यामागे फिरून मी वैतागलो.

"पाच मीटरचा द्या म्हटलं ना!"

त्याने मला फळीवर उभं केलं, हातात दोरी दिली, दुसरं टोक स्वतः धरलं. "मी ओढलं की सोडून द्या, सार."

त्याने हिसका दिला आणि मी तोंडावर आपटलो. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा दोरी माझ्या मुठीतच होती.

"पडतानाही सोडत नाही तुम्ही," तो म्हणाला. "मोठा पतंग अशांनाच समुद्रात नेतो. लहान घ्या."

मी लहान घेतला. परतताना बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. चेन्नईत गिंडीला उतरायची वेळ आली तेव्हा कळलं, समोरच्या सीटचा दांडा मी वाटभर घट्ट धरून बसलो होतो.