तांब्याभर पाण्यावरचा उजेड

आईला मोरीवर दिवा हवा होता. चकलांब्याच्या आमच्या घरामागं भांडी घासायची मोरी आहे आणि उन्हाळ्यात गारव्याला तिथं विंचू येतात. मागच्या साली एक तिला चावला होता. घरात ती एकटीच, त्यामुळं माझा जीव सगळा त्या मोरीत अडकलेला. तलवाड्याहून माहेरी आले ती होल्डर, वायर, टेस्टर पिशवीत घालूनच. नवऱ्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याजवळ बसून बसून हे काम माझ्या हातात आलंय.

"वायरमनला बोलीव की," आई म्हणाली.

"मी काय मेले का?"

मेन बंद करून वायर ओढली, होल्डर ठोकला, मेन चालू करून बटण दाबलं. बल्ब लुकलुकला आणि मिणमिणत राहिला. घरातला पंखाही दमल्यासारखा झाला.

"होल्टेज न्हाई," आई म्हणाली. आमच्याकडं हे एकदा म्हटलं की विषय मिटला. पण शेजारच्या काकूंचा पंखा भिंगरीसारखा फिरत होता. मग आमच्याच घराला काय धाड भरली?

टेस्टर सॉकेटच्या एका भोकात घातला, पेटला. दुसऱ्यात पेटायला नको, तर तिथंही पेटला! दोन्हीकडं पेटतो म्हणजे वीज परत जायची तार, न्यूट्रल, कुठंतरी तुटलेली. तरी मग हे घर चाललंय कशावर? मी न्यूट्रलच्या काळ्या तारेचा माग काढत निघाले. ती खांबाकडं जातच नव्हती. भिंतीतल्या भोकातून मागं उतरली होती, मोरीच्या कडेनं मोगऱ्याच्या बुडाशी गेली होती आणि जमिनीत रोवलेल्या लोखंडी पाइपाला गुंडाळली होती.

मी खाली वाकून बघतेय तोवर दिवेलागण झाली म्हणून आई तांब्या घेऊन आली आणि रोजच्यासारखं मोगऱ्याला पाणी घातलं. पाणी पाइपापाशी मुरलं. माझ्या डोक्यावरचा बल्ब हळूहळू वर चढला आणि लख्ख झाला. आत पंख्यानं वेग धरला.

अगं आई गं! मी आ वासून बघत राहिले. मी विजेचं काम जाणते, ओल्या मातीतून वीज जाते हे मला ठाऊक आहे. तरी अंगावर काटा आला. आमच्या घरातला उजेड वेशीबाहेरच्या डीपीपर्यंत, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जमिनीतूनच परत जात होता, लोकांच्या कापसाच्या रानाखालून. आणि त्याला वाट करून देत होती माझी म्हातारी, एका तांब्यानं.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या दादानी. खांबावरची तार जळलती तवा पाइप ठोकला, म्हणले रोज सांजच्याला पाणी घालीत जा, उजेड राहतो." दादा म्हणजे माझे वडील. ते जाऊनही बरीच वर्षं झाली. खांबावरची तार जोडायची तेवढी राहूनच गेली, आणि आम्हा पोरींना वाटायचं, आईला मोगऱ्याचं लई वेड.

तेवढ्यात माझी नजर तिच्या पायांकडं गेली. अनवाणी, त्याच ओल्यात.

"आई, मागं सर! पायाला मुंग्या येत्यात का तुझ्या?"

"येत्यात की. रोजच."

विंचवाला भिऊन मी दिवा लावायला आले होते, आणि मरण इथं मोगऱ्याखाली बसलेलं. पळत जाऊन मेन बंद केला. मग तोंड सुटलं. "मरायची हौस आलीय का तुला? इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"कावून वरडती एवढं?" म्हणत ती आत गेली आणि रुसून बसली.

रात्र आम्ही कंदिलावर काढली. दुसऱ्या दिवशी लाइनमन आला, खांबावर चढून न्यूट्रल जोडून गेला. पाइपाची तार मी स्वतः सोडवली. सॉकेटमध्ये टेस्टर आता एकाच भोकात पेटला. सांजच्याला बटण दाबलं, तर मोरीवर असा स्वच्छ उजेड पडला की दगडावरची राखुंडी दिसावी. विंचू काय, मुंगीही लपली नसती.

आई आलीच तांब्या घेऊन. आता गरज नाही हे सांगून झालं होतं, तरी तिनं पाणी घातलं. मी अडवलं नाही, आता भीती नव्हती. ती ओल्यात अनवाणी उभी राहिली. बल्बाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. बराच वेळ तशीच.

"काय गं?"

"न्हाई आल्या आज."

"काय?"

"मुंग्या." मग जरा लाजल्यासारखी म्हणाली, "मला वाटायचं, तुझे दादाच असतेत. पाणी पोचलं म्हणून सांगतेत."

आदल्या दिवशीचा माझा सगळा आरडाओरडा मला आठवला आणि रडूच कोसळलं. चपला काढून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माती नुसती गार लागत होती.