रडणं घेऊन जा गे मारबत

मारबतीला मी लहानपणी कधी भ्यायले नाही. माहेर इतवारीत, सासरही इतवारीतच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत दारावरून गेली नाही, तर सण झाल्यासारखा वाटतच नाही. एवढी मोठी कागदाची बाई! ती म्हणजे पूतना, बाळकृष्णाला विषाचं दूध पाजायला आलेली. कृष्णानं तिचा जीवच ओढून घेतला आणि गावकऱ्यांनी तिचं धूड गावाबाहेर नेऊन जाळलं. तेव्हापासून दर वर्षी तिला मिरवत नेऊन जाळायचं आणि जाता जाता घरातली पीडा तिच्यासोबत पाठवून द्यायची. आम्ही पोरं घसा बसेस्तोवर ओरडायचो, "ढेकूण, खोकला घेऊन जा गे मारबत!"

त्या वर्षी माझा मुलगा तान्हा होता आणि तो रडायचा. काय रडायचा म्हणता! पाजलं तरी रडायचा, झोळीत घातलं तरी रडायचा. माझे डोळे खोल गेले होते. मारबतीच्या दिवशी सकाळी सासूबाई त्याला पूतनेची गोष्ट सांगत होत्या. मी एकदम चिडून विचारलं, "यशोदेनं परक्या बाईच्या हातात लेकरू दिलंच कसं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "थकली असन वं बिचारी," एवढंच म्हणाल्या.

मारबत गल्लीच्या तोंडाशी आली, तशा सासूबाई गॅलरीतून वाकल्या आणि माझ्याच कळवळ्यानं ओरडल्या, "माह्या नातवाचं रडणं घेऊन जा गे मारबत!" खालची पोरं खो खो हसली. मीही हसले.

दुपारी घर शांत झालं. किती दिवसांनी पाठ टेकली मी! जाग आली ती छाती दाटून दुखायला लागली म्हणून. पाजायची वेळ टळून गेली होती आणि तो रडला नव्हता. उचललं तर मान लुळी, अंग तापलेलं. जवळ घेतलं तर ओढेना. तळपाय चोळले, गालावर टिचक्या मारल्या. हूं नाही की चूं नाही.

"आई!" मी किंचाळले.

सासूबाईंनी पाहिलं आणि भिंतीलाच टेकल्या. "मीच म्हटलं वं तिले. मीच म्हटलं."

मी शाळेत विज्ञान शिकवते, असलं काही मानत नाही. त्या घटकेला मानलं. मारबत कुठवर पोचली असेल? जाळली असेल का? जाळली तर परत मागायचं कोणाला?

मिरवणुकीमुळे रस्ते बंद, ऑटो मिळेना. त्याला छातीशी धरून आम्ही दोघी गर्दीतून धावलो. लोक अजून ओरडतच होते, घेऊन जा, घेऊन जा. दर वेळी मी त्याचं डोकं पदरानं झाकत होते. गप्प बसा ना रे, मेल्यांनो!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर ठेवलं. ताप डोक्यात जातो की काय, म्हणाल्या. पायात सुई टोचली, तो हललाच नाही. त्यांनी दुसरा पाय धरला.

मग त्याचे ओठ वाकडे झाले. आधी नुसतीच धाप, मग बारीक, चिरका आवाज, आणि मग त्यानं टाहो फोडला.

"उगी, उगी माह्या राजा," सासूबाईंच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि मी झटकन त्यांच्या तोंडावर हात दाबला.